करड्याची बुटकी चाकं

केवलराम लांजेवार माणसाची पत चाकावरून जोखायचा. गाव सुटलं, बैल सुटले, पण डोळ्याला जडलेली ही सवय काही सुटली नाही. वैनगंगेच्या काठी, लाखांदुराकडे त्याचं गाव. तिथं ज्याच्या खासराचं, म्हणजे ओझ्याच्या बैलगाडीचं, चाक उभ्या माणसाच्या छातीला लागतं त्याचं घर मोठं. ज्याचं कमरेशीच थांबतं, त्याच्याकडे सोयरीक न्यायची तर लोक जरा विचार करायचे. केवलरामच्या बापाच्या गाडीचं चाक छातीच्याही वर जायचं. त्या गाडीत बसताना बायकांची तारांबळ उडे आणि ही तारांबळ घरात मोठ्या कौतुकानं सांगितली जाई.

मोटार तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये शिकला. पुढे भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे असं कळलं, तसा म्हातारी माय आणि बायको शेवंता यांना घेऊन इकडे आला. अठ्ठावन्न सालचा तो पावसाळा. पहिली भट्टी पेटायला अजून अवकाश होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, मातीचे ढीग आणि साऱ्या मुलखांतून आलेली माणसं. अशा धामधुमीत केवलरामला मोजणीच्या साहेबांची जीप मिळाली. त्यानं इंजिन पाहिलं नाही, गिअर पाहिला नाही. चाकाशी उभा राहून हात आडवा धरला. चाक कसंबसं मांडीला लागलं. तो हिरमुसला. मग गॅरेजवाल्यानं सांगितलं की ही गाडी वेळ पडली तर चारही चाकांनी ओढते. तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलला.

"म्हंजे चार बैल जुंपल्यासारखं झालं ना गा!"

साहेबांना पहाटेच निघावं लागे, म्हणून जीप रात्री कॅम्पात केवलरामच्या दाराशीच असे. पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्याच्या मायनं, भागीरथाबाईनं, नव्या बैलाच्या पायांवर घालतात तसं चारही टायरांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि रंग पाहून नावही ठेवलं – करड्या. त्या दिवसापासून करड्या घरचाच झाला. शेवंता सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं तांब्यातलं पाणी त्याच्या टपावर शिंपडायची.

पण पाऊस सुरू झाला आणि करड्यानं गुडघे टेकले.

दुर्गच्या पुढे, खाणीकडे जाणाऱ्या रेल्वेची मोजणी चालली होती. मोजणीवाल्यांचे तंबू एका नाल्यापलीकडे. नाल्याच्या दोन्ही अंगांना कन्हार माती, काळीभोर आणि इतकी चिकट, की पाय काढायला जावं तर वहाण आतच राहावी. तिथं करड्या एकदा रुतला, दुसऱ्यांदा रुतला. टायर जागच्या जागी गरगर फिरायचे आणि गाडी खाली खाली जायची. दोन्ही वेळा नाल्याकाठच्या गावातला बाबुलाल साहू आपले रेडे घेऊन आला आणि दोर लावून जीप ओढून काढली. बैल सोडून मोटारीवर आलेल्या माणसाची मोटार रेड्यांनी ओढावी, आणि बांधावर उभ्या पोराबायांनी टाळ्या वाजवाव्या! केवलराम दोन दिवस नीट जेवला नाही.

त्याचे साहेब घोषालबाबू, बंगाली गृहस्थ. एरवी मऊ बोलायचे. पण दुसऱ्या वेळी त्यांचे मोजणीचे कागद चिखलात भिजले, तेव्हा तेही चिडले.

"केबोलराम, तीसरी बार फँसा तो जीप नत्थू चलाएगा. तुम गिट्टी का ट्रक पकड़ो."

नत्थू म्हणजे नागपूरकडचा दुसरा ड्रायव्हर. ऑफिसची मोटार चालवायचा, डांबरी सोडून खाली उतरायचा नाही, आणि जीपवर मात्र त्याचा डोळा होता. केवलरामला गिट्टीच्या ट्रकचं भय नव्हतं. पण करड्या नत्थूच्या हाती जाणार, आणि मायला काय सांगायचं? तिनं गावी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडले होते की आमच्या केवलच्या दारी साहेबाची जीप बांधलेली असते.

चिडले तरी साहेब विचार करणारे होते. आठ दिवसांनी त्यांनी केवलरामला गॅरेजात बोलावलं. करड्याचे टायर तसेही झिजले होते, बदलायचेच होते. एका बाजूला कोऱ्या कागदात गुंडाळलेले नवे सोळा इंची टायर, उंच, बारीक, देखणे. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा मोडलेल्या स्टेशन वॅगनची काढून ठेवलेली चाकं. त्यांची लोखंडी रिम एक इंचानं लहान, पण वरचा टायर जाडजूड, गुबगुबीत, आणि त्यावर विटांएवढे रबराचे गठ्ठे.

साहेब म्हणाले, बारीक टायर मातीत सुरीसारखा शिरतो. हा जाड आहे, रुंद बसेल. रिम लहान म्हणून रबर जास्त. त्यातली हवा थोडी कमी केली की आणखी पसरेल. "लेकिन चलाना तुमको है. सोचके बोलो. पोला के दिन उधर जाना है. एक रशियन साहब भी साथ में रहेगा."

गॅरेजवाल्यानं दोन्ही चाकं शेजारी शेजारी उभी करून दाखवली. उंची जवळजवळ सारखीच भरली. रिम लहान तितकं रबर मोठं.

"हे तुमी आंधळ्याले सांगा," केवलराम म्हणाला. "पायनाऱ्याले तं बुटकंच दिसते ना!"

घरी येऊन त्यानं ही गोष्ट सांगितली, तर भागीरथाबाई निवडायला घेतलेलं तांदळाचं सूपच खाली ठेवून बसली.

"बुटकी चाकं? आपल्या घराण्यात? तुह्या बापानं ऐकलं असतं तं..."

"बा नाही ना आता, माय."

"मी आहे ना पण! तुले कावून पाहिजे लहान चाक? साहेबानं शिक्षा देल्ली का?"

शेवंता चुलीपाशी होती. ती हसू दाबत म्हणाली, "सासूबाई, चाकं सोयरिकीले नाही जाऊन राहिली. नाल्यात जाऊन राहिली."

"तू गप वं. तुह्या बापाच्या गाडीचं चाक मी पाह्यलं आहे."

शेवंतानं चुलीत लाकूड सारलं. तिच्या माहेरच्या गाडीचं चाक कमरेला लागायचं.

केवलरामचंही मन उंच चाकाकडेच ओढत होतं. नवे कोरे सोळाचे टायर बसवावेत आणि पोळ्याच्या दिवशी नाल्यावर बाबुलालनं आपले रेडे घेऊन तयार राहावं, म्हणजे गाडी रुतलीच तर साहेबाच्या कपाळाला आठी पडायच्या आत ओढून काढता येईल, असा त्यानं बेत केला. रुतली तरी रुतल्यासारखी दिसली नाही म्हणजे झालं. हा बेत त्याला इतका पटला की तो सुटीच्या दिवशी सायकल मारत बाबुलालच्या गावी गेला.

बाबुलाल ओसरीत बसून पोरांसाठी मातीचे बैल घडवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पोरा हे भइया ओ दिन. न बइला फांदन, न भंइसा."

केवलरामनं कपाळावर हात मारला. पोळा! त्या दिवशी जनावराच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे काय त्याला नव्यानं कळायचं होतं? त्याच्या गावी तर पोळ्याला बैलाच्या अंगावर साधा दोर टाकला तरी म्हातारी माणसं भांडायला उठत. चाकाच्या नादात तो ते साफ विसरून गेला होता. आणि बाबुलाल जू ठेवायला तयार झाला असता, तरी केवलरामलाच ते बघवलं नसतं.

"फँसगे त उहें बइठे रहिबे," बाबुलाल हसत म्हणाला, "ठेठरी-खुरमी मैं पठो देहूँ." म्हणजे अडकलास तर बस तिथंच, सणाचं खायला मी पाठवून देतो.

"तुले हसाले येऊन राह्यलं, बाबू. इथं माही जीप चालली."

बाबुलालचे रेडे अंगणाच्या कडेला डबक्यात उभे होते. एकानं शेपटी उडवली आणि सावकाश चालत बाहेर आला. चिखल पोटरीभर होता, पण तो काही घाई करत नव्हता. पाय ठेवला की खूर पसरायचा, उचलला की पुन्हा मिटायचा, आणि फक्कन् आवाज करून बाहेर यायचा. मागून बाबुलालचा गोरा, शिंगं रंगवायला बाहेर काढलेला बैल आला. त्याचे बारीक खूर खोल गेले आणि तो तिथंच बिचकून उभा राहिला.

केवलराम बघत राहिला. देव वाट दाखवतो ती कोणाच्या पायांनी दाखवील ते सांगता येत नाही. त्याला आपल्या गावचं धानाचं शेत आठवलं. शंकरपटात धावणारा बैल गावभर मिरवायचा, पण रोवणीच्या आधी शेतात चिखल करायची वेळ आली की बापानं कधी त्याला बांधीत उतरवलं नाही. तिथं हल्याच, म्हणजे रेडाच. बुटका, रुंद, काळा हल्या. आणि हे सगळं ठाऊक असून आपण जिपेला पटाचा बैल करायला निघालो होतो! त्यानं मनातल्या मनात त्या रेड्याच्या खुराला हात जोडले आणि सायकलवर टांग टाकली.

"खाय तं खरं काही!" बाबुलाल मागून ओरडला, पण केवलराम गेलासुद्धा.

गॅरेजात त्यानं जाड टायरांची चाकं बसवून घेतली. नवे सोळाचे उंच टायर ऑफिसच्या दुसऱ्या गाडीसाठी राहिले आणि नत्थू ते बघून खूश झाला. करड्या बाहेर निघाला तेव्हा तर नत्थूला चेवच आला.

"अरे पाहा रे पाहा! केवलरामनं तान्ह्या पोळ्याचा बैल आणला! दोरी कुठी आहे, ओढाले?"

त्यांच्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे, छोट्या चाकांचे बैल दोरीनं ओढत नेतात. सगळं गॅरेज खदखदलं. केवलरामचे कान तापले. पण त्यानं गिअर टाकला आणि जाता जाता म्हणाला, "नत्थू, उद्या डांबरीवरून खाली उतरून दाखव. मंग मी सोता तुह्या हातात दोरी देतो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. बैलाच्या ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं, तो खांदा लोणी-हळदीनं शेकायचा आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. भागीरथाबाई सकाळपासून लोणी काढून बसली होती. बुटक्या चाकांवरचा राग तिचा गेला नव्हता, पण करड्यावर राग धरण्यासारखं त्यानं काय केलं होतं? वाटी घेऊन ती बाहेर आली आणि जिपेभोवती एक फेरी मारली.

"खांदा कुठी याचा?"

केवलराम म्हणाला, "माय, जराशी हळद टपाले लाव अन् झालं."

"टपावर जू बसते का रे बह्याडा? ओझं कायच्यावर आहे?"

ओझं चाकांवर आहे, हे त्याला कबूल करावं लागलं. मग काय, सासू-सुना दोघी बसल्या. पळसाची पानं गरम करून चारही टायर शेकले. जाड रबराच्या खाचाखाचांतून, गठ्ठ्यागठ्ठ्यांवर लोणी-हळद चोळली. शेवंतानं तर देवाच्या मूर्तीला उटणं लावावं तसं मन लावून लावलं. शेवटी भागीरथाबाईनं हात जोडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. अन् लहान पायाचा आहेस म्हणून रुसू नको, मी बोलली ते इसरून जाय."

केवलरामला हसू आलं, पण त्यानंही हात जोडले.

सकाळी पाहतो तर टायरांना मुंग्या लागलेल्या आणि शेजारचं कुत्रं मागचं एक चाक मनापासून चाटत होतं. भागीरथाबाईनं कुत्र्याला हाकललं नाही. आज कोणाच्या तोंडातला घास काढायचा नाही म्हणाली. पुरणाचा नैवेद्य झाला, टपावर बाशिंग बांधलं आणि केवलरामनं करड्याची क्षमा मागितली. "आजच्या दिवशी काम सांगून राह्यलो. माह्या हाती नाही. पण दोर नाही लावत तुले, अन् लावूही नाही देत कोणाले."

बाशिंग बांधलेली, पिवळ्या चाकांची जीप साहेबांच्या बंगल्यावर पोचली. घोषालबाबू पाहतच राहिले. रशियन साहेब उंच, लालबुंद माणूस. त्यानं बाशिंगाला बोट लावलं, काहीतरी बोलून मोठ्यानं हसला आणि ऐटीत पुढं येऊन बसला.

दुर्गपर्यंत सगळं छान. डांबरी संपली, कच्चा रस्ता लागला, तोही गेला. नाल्याच्या अलीकडे तलावाची पाळ चढून जावी लागे. हिरवं, ओलं गवत. केवलरामनं चारही चाकांचा गिअर टाकला आणि जीप चढवली. अर्ध्यावर आली आणि मागचं अंग सरकलं. त्यानं स्टिअरिंग धरलं, पाय उचलला, तरी करड्या तिरका होत होत, घसरगुंडीवरच्या पोरासारखा, सुळकन् पाळीच्या तळाशी येऊन थांबला.

घोषालबाबूंनी चष्मा नीट केला. केवलरामच्या कानात नत्थूचं हसणं घुमायला लागलं. अजून चिखलसुद्धा लागला नाही आणि गवतावरच ही गत! माय बरोबर म्हणत होती, लहान चाकानं घात केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसता बसून राहिला.

रशियन साहेब मात्र खाली उतरला होता. त्यानं टायरच्या खाचेत बोट घातलं, ते नाकाशी नेलं, आणि बोट तसंच उंच धरून केवलरामला बोलावलं. केवलरामनं वास घेतला. लोणी! वर तुडवला जाणारा भाग रस्त्यानं पुसून निघाला होता, पण खाचा आणि बाजूचे गठ्ठे जसेच्या तसे माखलेले होते. ओल्या गवताला धरायचं ज्यानं, तेच सासू-सुनांनी इतकं गुळगुळीत करून ठेवलं होतं.

"यह क्या है, केबोलराम?"

खोटं बोलायला तोंड उघडलं नाही. "साहेब, कल माँ ने इसके खांदे शेके. बैल समझके. लोणी से."

घोषालबाबूंचे ओठ आधी घट्ट मिटले, मग थरथरले, आणि मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात. रशियन साहेबाला त्यांनी इंग्रजीत सांगितलं, तसा त्यानं अंगातला कोटच काढला. जवळच्या खळ्यातून धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, आणि नाल्याची रेती आणली. केवलरामनं एक चाक घासायला घेतलं, तर दुसऱ्यापाशी रशियन साहेब बसलेला. मोठमोठ्या भट्ट्या उभारायला आलेला माणूस भागीरथाबाईचं लोणी रेतीनं खरवडत होता.

या वेळी करड्या पाळ चढला. सावकाश, पण सरळ.

पुढे नाला. पलीकडच्या काठावर बाबुलाल सजवलेले बैल आणि सारं गाव घेऊन उभा. केवलराम उतरला आणि साहेबांनी सांगितल्याप्रमाणे चारही टायरांची हवा थोडी सोडली. टायर खाली बसले, फुगून रुंद झाले. तो पुन्हा चढून बसला, मारुतीचं नाव घेतलं आणि पहिल्याच गिअरमध्ये, घाई न करता, जीप कन्हारात घातली. पाय दाबायचा मोह होत होता. पूर्वी दोन्ही वेळा त्यानं दाबला होता आणि चाकं जागीच फिरली होती. आता त्यानं डोळ्यांसमोर बाबुलालचा रेडा धरला आणि त्याच्याच चालीनं चालवली. मध्यावर गाडी क्षणभर अडली. पुढचं डावं चाक बुडलं, इंजिन घुरघुरलं. केवलरामनं श्वाससुद्धा घेतला नाही. मग रबराचे गठ्ठे कशाला तरी धरून बसले, चिखल फक्कन् वाजला, आणि करड्या एकेक पाऊल टाकत काठावर चढला.

"नइ फँसिस गा!" बाबुलाल ओरडला. त्याच्या आवाजात थोडी निराशाही होती. त्याच्या बायकोनं ठेठरी-खुरमीची टोपली तयारच ठेवली होती. ती तशीच जिपेत आली आणि रशियन साहेबानं तंबूपर्यंत जाता जाता निम्मी संपवली.

संध्याकाळी बंगल्यावर उतरताना घोषालबाबू म्हणाले, "जीप तुम्हारा. नत्थू को हम बोल देगा." केवलराम वाकून नमस्कार करणार, तोच ते पुढे म्हणाले, की आता ही एकच गाडी नाला ओलांडते, तेव्हा पावसाळा संपेपर्यंत ती तंबूवरच राहील. आणि गाडी तिथं तर ड्रायव्हरही तिथंच. रविवारी सुटी.

घरी त्यानं दोन्ही बातम्या एका दमात सांगून टाकल्या. भागीरथाबाईनं पहिलीच ऐकली आणि देवापुढे साखर ठेवायला उठली. लोण्याचं त्यानं हळूच सांगितलं, तर म्हणाली, "पाह्य, परदेशच्या साहेबानंही पाय चोळले त्याचे! कोण्या बैलाचं असं नशीब?"

शेवंतानं दुसरीही ऐकली होती. तिनं वळकटी बांधायला घेतली, मग सोडली, मग पुन्हा बांधली.

"वा! गाडी राहिली अन् मालक चालला."

"पावसाळ्यापुरतंच. अन् रविवार आहे ना."

"तिथी कोण करून देईन? तुमाले तं भातही धड शिजवता येत नाही." तिनं डब्यात चिवडा दाबदाबून भरला, लोणच्याची बरणी फडक्यात बांधली, त्यावर अंगाऱ्याची पुडी ठेवली. केवलराम दाराशी बसून काडीनं टायरांतला वाळला चिखल काढत होता. ती बाहेर येऊन जरा वेळ त्या चाकांकडे पाहत उभी राहिली.

"रविवारी एकटे नका येऊ. यालेही घेऊन या."

"याले कशाले? गाडी सरकारी आहे."

"साहेबाले विचारा. सांगा म्हणा, कॅम्पातल्या मंदिराच्या वाटेवर गुडघाभर चिखल आहे, अन् सासूबाईनं पावसाळा लागल्यापासून मारुती पाह्यला नाही."

केवलरामनं काडी खाली ठेवली आणि उद्या साहेबांना हे कसं विचारावं, याचा विचार करू लागला.